न शिवायचा समुद्र

आमच्या घरात समुद्र ही लांबून नमस्कार करायची गोष्ट होती. त्याला शिवायचं नसे. अमावास्या, पौर्णिमा असं काही पर्व असेल तर संकल्प सोडून स्नान करावं. एरवी किनाऱ्यावर उभं राहून हात जोडावेत आणि मागे फिरावं. अपवाद फक्त सेतूचा. तिथे, म्हणजे पार धनुष्कोडीला, कुठल्याही दिवशी पाण्यात उतरलेलं चालतं. पिंपळाचंही आमच्याकडे असंच होतं, त्याला शनिवारीच शिवायचं. पण कुंभकोणमात पिंपळ पावलोपावली, त्यामुळे तो नियम येताजाता मोडे. समुद्र गावापासून चांगला लांब, म्हणून त्याचा नियम मात्र आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या अतिशय कडकपणे पाळला होता, आणि त्याचा आम्हाला थोडा अभिमानही होता.

पंचाईत झाली ती माझ्या लग्नामुळे.

आम्ही तंजावरकडचे मराठी लोक. सुना बहुधा आसपासच्याच आणायच्या अशी रीत. माझ्या वेळी मात्र मठाच्या कामाने हिंडणाऱ्या एका गृहस्थांनी रत्नागिरीचं स्थळ सुचवलं. मुलगी देशस्थ, वैष्णव, सगळं आमच्यासारखंच. वडील तिथल्या कोर्टात कारकून. पत्रिका उत्तम जुळली. पत्रिकेत समुद्राचा रकाना नसतो.

ती आली तेव्हा पहिले काही दिवस घरात कोण काय म्हणतंय हे तिला कळेना. मग एकदा मला म्हणाली, "तुम्ही सगळे बखरीतनं उठून आल्यासारखे बोलता. आणि तेही तमिळ लोकांनी वाचून दाखवलेल्या बखरीतनं." हल्लीची मराठी मी तिच्याकडून शिकलो, म्हणून तर हे लिहितो आहे. अप्पांची आणि अम्माची बोलणीही इथे मी तिच्याच वळणाने लिहिली आहेत. होती तशी लिहिली असती तर वाचणाऱ्याला छापखान्याची चूक वाटली असती.

आल्याच्या पहिल्या आठवड्यात तिने विचारलं, "समुद्र कुठल्या बाजूला?"

मी तिला महामहमच्या तळ्यावर घेऊन गेलो. "बारा वर्षांतून एकदा देशातल्या सगळ्या नद्या इथे येतात," मी म्हणालो. बोलावणं धाडणारा मीच असावा, असा माझा सूर होता.

"आणि समुद्र?"

"तो येत नाही."

"मग आपण जाऊ त्याच्याकडे."

तेव्हा मला तिला घरचा नियम सांगावा लागला. तिने वाद घातला नाही. त्यांच्या घराच्या परसातून उतरलं की पुळण लागे, आणि भरतीच्या वेळी शाळेची वाट पाण्यातून जाई, एवढंच सांगितलं. "न शिवता मी दुसरी पास झाले नसते," म्हणाली. त्यानंतर काही वर्षं तिने समुद्राचं नाव काढलं नाही. मुलगी झाली, ती बोलायला लागली, चालायला लागली. बायको विसरली असावी असं मी धरून चाललो. असं कितीतरी गोष्टींबाबत मी धरून चालत असे.

मग एका उन्हाळ्यात अप्पांना धाप लागू लागली. अप्पा म्हणजे माझे वडील, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. डॉक्टरांनी औषध दिलं आणि वर सांगितलं, आठ-पंधरा दिवस समुद्राचा वारा खाऊन या. अप्पांनी ते औषध म्हणूनच मान्य केलं. वारा खायला शिवावं लागत नाही.

त्या संध्याकाळी बायको तांदूळ निवडत होती. खाली मान घालूनच म्हणाली, "एक काम सांगते, तेवढं नीट करा. पंचांग बघून रजा घ्या. मध्ये एक पौर्णिमा येऊ दे."

"एवढंच ना," मी म्हणालो.

मी तेव्हा आडुतुरैला भाताच्या संशोधनाच्या कचेरीत कारकून होतो. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, रजा कधी पाहिजे. माझ्या डोक्यात आलं, कुरुवैच्या, म्हणजे पहिल्या भाताच्या, रोपांची गडबड सुरू व्हायच्या आधी उरकलेलं बरं. समोर भाताचा तक्ता टांगलेला होता, त्यात पाहून मी तारखा दिल्या. साहेब खूश झाले, हा माणूस रजेतही पिकाचा विचार करतो म्हणाले. मीही खूश होऊन घरी आलो.

बायकोने पंचांग काढलं, पान उलटलं, परत मागे आणलं, आणि मिटून खुंटीवरच्या पिशवीत ठेवून दिलं. अमावास्या नुकतीच होऊन गेली की माझी रजा सुरू होत होती, आणि पौर्णिमा उजाडायच्या आत मी परत टेबलाशी. मधल्या दिवसांत एकच तिथी नाव घेण्यासारखी होती. एकादशी. त्या दिवशी जेवायचंही नव्हतं.

"बदलून घेऊ का?" मी विचारलं.

"भाताला विचारा," ती म्हणाली आणि आत गेली.

रजा बदलणं जमलं नाही. तेव्हा मी ठरवलं, दिवस चुकला तर चुकला, जागा अशी निवडू की दिवसाचा प्रश्नच येणार नाही. इतका मोठा किनारा आहे, कुठेतरी नियमाला फट असेलच. मी कचेरीतून जिल्ह्याचा नकाशा आणला आणि रोज संध्याकाळी बाहेरच्या ओट्यावर, तिण्णैवर, अप्पांसमोर एकेक किनारा मांडायला लागलो.

पहिल्यांदा कोडियक्करै मांडलं. ते वेदारण्याजवळचं भूशिर, तिथल्या समुद्राला लोक आदिसेतू म्हणतात.

"सेतू मणजे सेतू," अप्पा म्हणाले. म्हणजेला ते मणजे म्हणत. "तो धनुष्कोडीला आहे. आदिसेतू, मधला सेतू, शेवटचा सेतू असं करत करत तू उद्या आपल्या गावातल्या पोत्तामरै तळ्यात सेतू दाखवशील."

मग कारैकाल. कारैकाल तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होतं, सीमेवर पिशव्या उघडून दाखवाव्या लागत. मी म्हणालो, परक्या राज्यातला समुद्र आहे, तिथे आपले नियम कसे लागू होतील.

अप्पांनी चष्मा काढला. "पाणी इकडून तिकडे जातं, तेव्हा त्याची पिशवी तपासतात का?"

आतून अम्मा म्हणाली, "आणि तिकडे वाऱ्यालाही दारूचा वास येतो म्हणे." माझी आई क्वचित बोलायची, पण ती बोलली की तो किनारा नकाशातून गेला असं समजायचं.

नागपट्टिणम सुक्या मासळीच्या वासापायी गेलं. शेवटी तरंगंबाडी ठरली, आणि त्यात माझ्या हुशारीचा भाग काहीच नव्हता. मायवरमला गाडी बदलली की पुढची गाडी थेट गावात जाते, आणि अप्पांचा एक जुना विद्यार्थी तिथे मास्तर होता. तो सुट्टीत सासुरवाडीला जाणार होता आणि घराची किल्ली देत होता. तरी मी एक मुद्दा पुढे केलाच. तरंगंबाडीला किनाऱ्यावर जुनं देऊळ आहे आणि समुद्राने त्याचा पुढचा भाग खाल्लेला आहे. मी म्हणालो, "अप्पा, तिथे समुद्र रोज देवाला शिवतो. पर्व बघत नाही."

"त्याने आपल्याला शिवलं तर त्याचा दोष. आपण त्याला शिवलं तर आपला," अप्पा म्हणाले.

हे वाक्य मी मनात जपून ठेवलं. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ ते वाक्य आहे.

तरंगंबाडीचे पहिले दिवस शांततेत गेले. डॅनिश लोकांच्या जुन्या किल्ल्याच्या बाजूला सकाळ-संध्याकाळ आम्ही बसायचो. अप्पा छातीवर हात ठेवून वारा घ्यायचे, डोस मोजल्यासारखा. अम्मा जप करायची. आमच्या मुलीला कसलाच नियम नव्हता, लहान लेकराला सोवळं-ओवळं नसतं, त्यामुळे ती थेट लाटांत. आणि बायको ओल्या वाळूची रेघ जिथे संपते तिथे, कोरड्या बाजूला, पदर खोचून उभी. मोठी लाट आली की दोन पावलं मागे सरायची. तिच्याइतकं अचूक मागे सरताना मी कुणाला पाहिलं नाही. लाट कुठवर येणार हे तिला ती उठायच्या आधीच कळे. आमच्यापैकी बाकी कुणाला कळत नसे, म्हणून आम्ही आणखी पुष्कळ मागे बसत होतो.

एकदा मुलगी धावत आली आणि तिने आईचा हात धरला. बायको तिला उचलून घेऊन वळली, आमच्याकडे पाठ केली. मी बाजूने पाहत होतो म्हणून मला दिसलं. तिने मुलीचा तळवा तोंडाशी नेला आणि हळूच जीभ लावली. मग पदराने तिचे हात पुसले.

रात्री मी तिला अप्पांचं वाक्य समजावून सांगितलं. "तू नुसती उभी राहा. मागे सरू नकोस. लाट आली तर दोष लाटेचा."

"मला लाटेवर दोष नाही घालायचा," ती म्हणाली. "आणि चोरूनही नाही जायचं. मामंजींच्या समोर, त्यांनी जा म्हटल्यावर जायचंय. नाहीतर ते मुलीच्या हातावरचंच पुरे."

म्हणजे आता काम अवघड झालं होतं. मी पुन्हा नकाशा पसरला, आणि तेव्हा मला ते सुचलं. आमच्या उत्तरेला पूम्पुहार. तिथे कावेरी समुद्राला मिळते. कावेरीला शिवायला तिथी लागत नाही. कुंभकोणमात आम्ही रोज तिच्यात न्हातो. मग संगमाच्या पाण्यात उभं राहिलं तर आपण कावेरीत उभे आहोत. समुद्र त्यात मिसळायला येतो, हा त्याचा प्रश्न. मी हे सकाळी अप्पांपुढे मांडलं. अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "संगमात चालेल. जाऊ या."

इतक्या चटकन ते कधी काही कबूल करत नसत. मला शंका यायला हवी होती.

वाचणाऱ्यांपैकी कुणी आमच्या भागातलं असेल तर त्याने एव्हाना कपाळावर हात मारला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. आमची कावेरी बारमाही नाही. मेट्टूरला धरण आहे; उन्हाळ्यात तिथले दरवाजे बंद असतात, आणि जूनच्या मध्यावर ते उघडले की मग पाणी खाली येतं, मग कालवे, मग रोपं. तंजावर जिल्ह्यातलं शेंबडं पोरसुद्धा ही तारीख सांगेल. मी तर त्याच पाण्याच्या पत्रव्यवहाराच्या नकला करून पगार घेत होतो. आमच्या घरामागची कावेरी महिनाभर वाळूचं मैदान होऊन पडली होती आणि मी रोज तिच्यातून चपला घालून चालत होतो. तरी मला वाटलं, तोंडाशी असेल. नकाशात तिथे ती चांगली रुंद आणि निळी दाखवली होती.

सकाळच्या बसने एका तिठ्यापर्यंत गेलो आणि तिथून बैलगाडी केली. बरोबर दहीभात, लिंबाचं लोणचं आणि पितळी कूजाभर पाणी घेतलं होतं. कूजा म्हणजे फिरकीच्या झाकणाचा, प्रवासाचा तांब्या. ते पाणी अप्पांच्या दुपारच्या संध्येसाठी, त्यामुळे मुलीलाही त्यातलं प्यायला दिलं नव्हतं. झाकण घट्ट लागत नाही असं अम्मा म्हणाली होती. समुद्राची रेघ दिसली तशी मी चालत्या गाडीत उभा राहिलो. "तो बघा संगम," म्हणून हात लांब केला. गाडी एका दगडावरून गेली, माझा पाय कूजाला लागला, आणि झाकण बैलांकडे घरंगळलं. सगळं पाणी पेंढ्यात गेलं.

"बसा आता," बायको म्हणाली. "संगम पळून जात नाही."

तो पळून गेलेलाच होता. आम्ही पोचलो तिथे एक रुंद, पांढरं, तापलेलं पात्र होतं. त्यात दोन गाढवं उभी होती. पात्राच्या टोकाला वाळूचा उंचवटा, आणि उंचवट्यापलीकडे समुद्र, स्वतंत्र, कुणालाही न मिळालेला.

अप्पा काठीवर हात ठेवून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव होता जो वर्गात चुकीचं उत्तर पूर्ण लिहून होईपर्यंत वाट पाहताना असायचा.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"मेट्टूर बंद आहे हे सगळ्यांना माहीत आहे. संगमात चालेल असं मी म्हणालो. इथे संगम कुठे आहे?"

मी बायकोकडे पाहिलं. "तुलाही माहीत होतं?"

"नदी कोरडी आहे हे मागच्या दारातनं दिसतं," ती म्हणाली. "पण तुम्ही इतक्या उत्साहात नकाशा दाखवत होता."

ती मुलीचा हात धरून त्या वाळूच्या उंचवट्यावर गेली आणि समुद्राकडे पाहत उभी राहिली. कोरड्या बाजूला. रजा संपायला आली होती. त्यानंतर पुन्हा समुद्रावर यायचं म्हणजे अप्पांना पुन्हा धाप लागायला हवी होती, आणि तसं कुणी मागून घेणार नव्हतं.

दुपार झाली. अप्पांची संध्येची वेळ. पाणी नाही. गावातली विहीर मागे राहिली होती, शिवाय ती कुणाची, कशी, हे माहीत नाही. मला वाटलं, निदान हे तरी नीट करावं. उन्हाळ्यात कुंभकोणमात आम्ही काय करतो, तर कोरड्या पात्रात हाताने खड्डा करतो, त्याला ऊत्तु म्हणतात. वीतभर, दोन वीत खणलं की तळाशी पाणी झिरपतं, निवळशंख आणि गोड. करवंटीने भरून घ्यायचं. ती कावेरीच, वर दिसत नाही इतकंच. अप्पा रोज पहाटे त्याच पाण्याने सगळं करत.

मी जागा शोधायला लागलो. वर, पात्रात, वाळू खूप तापलेली होती, पाय ठेववेना. म्हणून मी खाली खाली येत गेलो, उंचवट्याच्या पायथ्याशी जिथे वाळू जरा गार लागली तिथे बसलो आणि खणलं. पाणी लगेच लागलं. इतक्या लवकर लागल्याचं मला कौतुक वाटलं.

बायको वरून पाहत होती. "अहो, आधी चाखून बघा."

"कावेरीचं पाणी आहे, चाखायचं काय त्यात?" मी म्हणालो. ते पाणी गोड नसेल असं माझ्या मनातही आलं नाही. आणि संध्येचं पाणी उष्टं कोण करणार. मी कूजा भरला आणि अप्पांपुढे नेऊन ठेवला.

अप्पांनी वाळूवर पंचा अंथरला, बसले, डोळे मिटले, तळहाताची पळी केली. मी वाकून पाणी घातलं. केशवाय म्हणून त्यांनी पहिला घोट घेतला.

डोळे उघडले नाहीत. फक्त भुवया वर गेल्या आणि तिथेच थांबल्या.

आचमन मध्ये सोडता येत नाही. बोलता येत नाही, थुंकता तर मुळीच नाही. त्यांनी हात पुन्हा पुढे केला. मी पाणी घातलं. नारायणाय. पुन्हा हात पुढे. माधवाय. कंठमणी प्रत्येक वेळी वर जाऊन खाली आला. मग त्यांनी संध्या केली, सगळी, एक शब्द न गाळता. अर्घ्य दिलं, जप केला. तोवर मी कूजाच्या तोंडाशी बोट लावून जिभेवर ठेवलं होतं, आणि गाढवांकडे बघत उभा होतो.

संध्या संपली. अप्पांनी डोळे उघडले, पण पंचा उचलला नाही. ते बसून राहिले. गणिताचा माणूस, दोन्ही बाजू मांडून पाहत असणार. हे पाणी समुद्राचं असेल, तर पर्व नसताना त्यांनी त्याला नुसतं शिवलं नव्हतं, तीन वेळा देवाचं नाव घेऊन पोटात घातलं होतं. आणि कावेरीचं असेल, तर काहीच झालं नव्हतं.

अम्माने येऊन कूजात बोट बुडवलं आणि चाखलं. "खारट आहे हो."

"कावेरीच आहे," अप्पा म्हणाले.

"खारट आहे म्हणते मी."

"आटली की होते तशी. पात्रात खणलंय. पात्र कावेरीचं आहे."

अम्मा बोट पदराला पुसत त्यांच्याकडे पाहत राहिली. तिचा त्यांच्याशी संसार फार वर्षांचा होता.

मग बायको उंचवट्यावरून खाली आली. अप्पांसमोर ती नेहमी उभी राहायची तशी, जरा बाजूला, नजर खाली. "मामंजी, एक विचारू का?"

"विचार."

"हे कावेरीचं पात्र, तर ते कुठपर्यंत?"

अप्पांनी काठीने उंचवटा दाखवला. "तिथवर."

"तिथे वर गावातली पोरं भेटली, ती सांगतात, पाणी सुटलं की हा वाळूचा बंधारा वाहून जातो. मग नदी पुढे जाते."

"जाते."

"म्हणजे पात्र पुढेही आहे. आणि इथलं पाणी खारट असून कावेरी, तर पुढचंही खारटच आहे."

अप्पा तिच्याकडे पाहत राहिले. "तू कुणाची मुलगी? वकिलाची का?"

"नाही. कोर्टातल्या कारकुनाची."

"तरीच," अप्पा म्हणाले. ते उठले, पंचा झटकला आणि हळूहळू उंचवट्यावर चढले. मीही मागोमाग गेलो, तोल गेला तर असावं म्हणून. समुद्र सरळ समोर आला. त्यांनी काठी उचलली आणि बराच वेळ ती हवेत धरून जागा नक्की केली. "ती पहिली लाट फुटते ना, तिथवर कावेरी. त्याच्या पुढे नाही."

"बरं," बायको म्हणाली.

"जा."

लाट काही एका जागी फुटत नाही. ती मागे गेली की कावेरी मागे गेली, आणि बायको कावेरीबरोबर. धावली वगैरे नाही. चालतच गेली, नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढून, मुलीला कडेवर घेऊन, आणि पहिली लाट अंगावर आली तेव्हा ती एक पाऊलही मागे सरली नाही. मी खुणेने विचारलं, बरं आहे ना. ती बघत नव्हती.

थोड्या वेळाने अम्मा उठली. "कावेरीत पाय धुऊन येते," म्हणाली, आणि घोट्यापर्यंत पाण्यात जाऊन जपमाळ ओली होऊ नये म्हणून हात उंच धरून उभी राहिली. खूप वेळ.

मी चपला काढल्या.

"तू कुठे निघालास?" अप्पा म्हणाले.

"कावेरीत."

"तू बस. तुला पाणी ओळखता येत नाही."

मी बसलो. दहीभाताच्या डब्याला मुंग्या लागत होत्या, त्या झटकत राहिलो. ऊन कलायला लागलं तेव्हा त्या दोघी आणि मुलगी वर आल्या. बायकोच्या लुगड्यावर, जिथे वाळलं होतं तिथे, पांढरे काठ उमटले होते. ती अप्पांना नमस्कार करायला वाकली आणि केसांतलं पाणी त्यांच्या पायावर पडलं. ते मागे सरले नाहीत. आशीर्वादही पुटपुटले.

परत बैलगाडीत बसलो. मुलगी झोपली. तिठा जवळ आला तसं बायको मला म्हणाली, "तुमची रजा उद्या आहे ना अजून?"

"उद्याचा एक दिवस आहे."

पुढे बसलेल्या अप्पांना ते ऐकू गेलं असावं. त्यांनी बैलांकडे पाहत गाडीवानाला तमिळमध्ये विचारलं, "उद्या सकाळी बैल मोकळे आहेत का?" आणि मग वळून आम्हा सगळ्यांना सांगितलं, की तरंगंबाडीपेक्षा इकडचा वारा छातीला बरा पडतो आहे.